टेम्प्लरांचा, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढवय्या साधूंच्या संघटनेचा, शेवटचा प्रमुख जाक द मोले याने खरंच पोप आणि फ्रान्सच्या राजाला शाप दिला होता का?

नावं घेऊन ‘वर्षाच्या आत देवासमोर हजर व्हाल’ असा शाप दिल्याची कथा नंतरची आहे. मार्च १३१४ मध्ये पॅरिसला सीन नदीतल्या बेटावर त्याला जिवंत जाळलं. त्याच काळातल्या एका पद्यबखरीत तो एवढंच म्हणतो, की आमच्या मृत्यूचा सूड देव घेईल. पुढे त्याच वर्षी पोप क्लेमेंट पाचवा २० एप्रिलला आणि राजा फिलिप चौथा २९ नोव्हेंबरला वारला, म्हणून कथा लोकांच्या मनात घट्ट बसली. पोप मात्र आधीपासूनच आजारी असायचा, हे कुणी सांगत नाही! टेम्प्लरांची धरपकड शुक्रवारी, १३ ऑक्टोबर १३०७ रोजी झाली हे खरं; पण ‘तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ’ ही समजूत त्यातून आलेली नाही, ती बरीच अलीकडची आहे.