चाई नव्हे, डावा हात

"मॅडम, चाई आहे म्हणून तीन महिने लसूण चोळला. चट्टा कमी व्हायचं सोडून वाढतच चाललाय. आणि परवा पलंगामागे झाडताना केसांचा हा एवढा पुंजका निघाला."

माझ्याकडे समुपदेशनासाठी नाशिकरोडहून आलेली आई बोलत होती. शेजारी अकरावी सायन्सची मुलगी, ओढणी डोक्यावरून पुढे ओढून. तिला इथे श्रुती म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईचे प्रश्न दोन होते, आणि असे पालक हेच दोन प्रश्न घेऊन येतात: गेलेले केस परत येतील का, आणि ही हे मुद्दाम करते का?

आधी चाईचं. चाईत चट्टा गुळगुळीत असतो, बहुतेक गोल. श्रुतीच्या डाव्या कानावरचा चट्टा वेडावाकडा होता आणि त्यात वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस होते. काही नुसते काळे ठिपके, काही खुंट, काही बोटभर. उपटलेल्या केसांची ही खूण. तरी नुसत्या नजरेवर विसंबू नये, म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गजकर्णातही केस तुटतात, पण तिथे बहुधा कोंड्यासारखे पापुद्रे दिसतात. भिंगाच्या यंत्रातून पाहून डॉक्टरांनी चाई आणि गजकर्ण दोन्ही नाही म्हणून सांगितलं. लसणाने मात्र कातडी सोलवटली होती. तिथे खाज सुटायची आणि खाजवायला गेलेला हात केस घेऊनच परतायचा.

या त्रासाला ट्रायकोटिलोमॅनिया म्हणतात. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हॅलोपो यांनी 1889 मध्ये हे नाव दिलं. शंभरात एक-दोन जणांना तो असतो आणि सुरुवात बहुतेक वेळा दहा ते तेरा या वयात होते. मुद्दाम करणं म्हणावं तर निम्मा वेळ मुलीला पत्ताच नसतो. पुस्तकात डोळे, डावं कोपर टेबलावर, डोकं तळहातावर. बोटं आपली केसांतून फिरत राहतात. एखादा केस जाडसर, जरा कुरळा लागला की थांबतात. मग तो अंगठा आणि तर्जनीत धरून एक झटका. मुळाशी पांढरा कंद आला का ते बघायचं, तो ओठावरून फिरवायचा, टाकून द्यायचा, की पुढचा केस. उरलेल्या निम्म्या वेळी तिला कळतं, थांबायचंही असतं, पण उपटल्याशिवाय चैन पडत नाही.

त्या पांढऱ्या कंदावरून बहुतेकांचा गैरसमज होतो, की मूळच निघालं, आता तिथे केस नाही. केस जिथून उगवतो ती जागा कातडीतच राहते. उपटणं थांबलं तर डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. एकाच जागी वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मात्र ती जागा दुखावते आणि पुढे केस विरळच येतात. श्रुतीचं जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

"तोंडात जातो का कधी?" हा प्रश्न टाळून चालत नाही आणि तो आईसमोर विचारायचा नसतो. केस पचत नाही. गिळत राहिलं तर पोटात गोळा होतो. मुलगी केस खाते आणि पोट दुखतं, उलट्या होतात, भूक मेली आहे असं असेल, तर समुपदेशन नंतर, आधी पोटाचा डॉक्टर. श्रुती फक्त ओठावर फिरवत होती.

पहिला आठवडा काहीही बंद करायचं नाही, फक्त नोंद. वेळ, जागा, कुठला हात, आधी मनात काय होतं, अंदाजे किती केस. वही आईने बघायची नाही, हे आईकडूनच वदवून घेतलं. नोंदीत दिसलं ते असं: रात्री नऊ ते अकरा, टेबलापाशी, चाळीसच्या आसपास. बाथरूमच्या आरशासमोर चिमट्याने दहा-बारा. आणि कॉलेज रोडच्या क्लासहून सिटीलिंकने घरी येताना, रोज, शून्य. बसमध्ये उभी असायची, डावा हात दांडीला. म्हणजे ओढ चोवीस तास नाही; हात मोकळा आणि कोपर टेकलेलं असलं की येते.

मग उपाय त्याच जागी लावले. टेबल ढकलून खुर्ची मागे घेतली, कोपर टेकेनासं झालं. चिमटा घरातून गेला, आरशावरचा दिवा मंद झाला. रात्री अभ्यासाआधी डाव्या अंगठ्याला आणि तर्जनीला चिकटपट्टी. पट्टीला केस नीट कळत नाही, आणि हात वर गेला तर तो गेल्याचं मुलीला कळतं. आईला तेलाची हौस होतीच, तेल घसरडं म्हणून संध्याकाळी चालेल म्हटलं, लसूण बंद. हात वर निघाला की मूठ मिटायची, अंगठा आत, कोपर कुशीला घट्ट, एक मिनिट. ओढ उरली तर आणखी एक मिनिट. उजव्या हाताने लिहिणं चालू राहतं, म्हणून ही मूठ वर्गातही कुणाला दिसत नाही. हात वर निघताना पकडला तर हे जमतं. केस बोटांत आल्यावर मूठ मिटणं फार कठीण.

बोटांना काही हवं असतं, ते वेगळंच. आजी टीव्हीसमोर वाती वळायची. कापूस ओढायचा, अंगठा-तर्जनीत पिळायचा. हालचाल जवळजवळ तीच. श्रुतीला शेजारी बसवलं. दिवाळीआधी दोन डबे वाती झाल्या, आजी खूश.

घोटाळा सहाव्या आठवड्यात झाला. चट्ट्यात नवे खुंट आले, टोचणारे, ताठ; बोटांना याहून मोठं आमिष नाही. केस यायला लागले की पालक निर्धास्त होतात आणि नेमके तेव्हाच केस पुन्हा जातात. त्या पंधरवड्यात चिकटपट्टी दिवसभर आणि घरात मऊ सुती टोपी. आईचं "हात!" म्हणून ओरडणंही तेव्हाच थांबवलं. ओरडण्याने ओढ जात नाही, मुलगी दार लावून घेते. त्याऐवजी मूठ मिटलेली दिसली तर तेवढं एकदा म्हणायचं.

"मुंडणच करून टाकू का?" आईने विचारलं होतं. हात भुवईवर जातो, दुसरं काय? केसवाढीच्या औषधालाही उपटणं थांबेपर्यंत अर्थ नाही. गोळ्यांपैकी एन-ॲसिटाइलसिस्टीनचा प्रौढांमध्ये 2009 च्या चाचणीत उपयोग दिसला, मुलांमधल्या चाचणीत दिसला नाही. म्हणून दुकानातून आणून परस्पर सुरू करू नये. सोबत उदासी, झोप उडणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर मनोविकारतज्ज्ञ लागतातच. टेलि-मानसचा 14416 हा फुकट क्रमांक रात्रीही लागतो.

चौथ्या महिन्यात चट्ट्यावर तीनेक सेंटिमीटर केस होते, ओढणी खांद्यावर आली होती. मग वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात रुपयाएवढी जागा पुन्हा मोकळी झाली. फोन आईचा नव्हता, श्रुतीचाच होता: "ताई, एकोणीस गेले. पट्टी संपली होती. आणलीये, आणि वही कालपासून परत चालू केलीये."