बॅटरीवरची करवत आणि आपली बोटं

बेळगावपासून निपाणीपर्यंत, कुठल्याही चालू बांधकामावर जा, सुताराच्या सामानात आता बॅटरीचा मायटर सॉ, म्हणजे वरून खाली दाबून सरळ किंवा कोनात काप घेणारी करवत, दिसतो. त्याबद्दल आलेले काही प्रश्न आज घेतो.

आमच्या जांबोटी भागात पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून १८ व्होल्टचं बॅटरीचं मशीन घेतलं. वायर नाही, शॉक नाही. म्हणजे वायरवाल्या मशीनपेक्षा धोका कमीच ना?

शॉकची आणि पायात वायर अडकायची भीती गेली, हे खरं. ओल्या अंगणात, अर्धवट बांधलेल्या घरात हा फायदा मोठा आहे. पण बोट कापलं जातं ते वायरनं नाही, पात्यानं. दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल, तर त्याचा एकेक दात ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगानं लाकडावर येतो. ‘१८ व्होल्ट’ म्हटलं की मशीन हलकं वाटतं, आणि इथंच माणूस गाफील होतो.

वायरच्या मशीनची पिन बोर्डातून निघाली की ते बंद आहे हे लांबूनही दिसतं. बॅटरी लावलेलं मशीन मात्र टेबलावर गप्प बसलेलं असलं तरी चालूच समजायचं. म्हणून माझा नियम एकच, आणि तो मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराकडून पहिल्या दिवशी दहादा म्हणवून घेतो: पात्याकडे हात जायच्या आधी बॅटरी बाहेर. पातं बदलताना, अडकलेली चिपळी काढताना, गुण्या लावून कोन तपासताना, मशीन उचलून दुसऱ्या खोलीत नेताना, दरवेळी. काढलेली बॅटरी बाजूला ठेवायची नाही, आपल्या खिशात घालायची.

दोन वर्षांपूर्वी मी एका घराच्या माळ्यावर पातं बदलत होतो. डावा पंजा पात्याला टेकलेला, उजव्या हातात चावी. सोबतच्या पोराला वाटलं माझं काम झालं, आणि त्यानं चाचणी म्हणून बटण दाबलं. नुसतं ‘टक्’ झालं. बॅटरी माझ्या शर्टाच्या खिशात होती. पोरगा पांढराफटक पडला, आणि मी पुढची पाच मिनिटं तिथंच बसून राहिलो. तो आवाज अजून कानात आहे.

तुमच्या भागासाठी आणखी एक. पावसात भिजलेला किंवा नुकता कापलेला साग पात्याला चिमटा घेतो. मशीन रडायला लागलं तर हँडलवर जोर देऊ नका. बटण सोडा, पातं थांबू द्या, मगच वर घ्या. बॅटरीच्या मशीनला दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं पातळ पातं लावा, ताकद कमी लागते. पात्यावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, तेवढं विकत घेतानाच वाचा.

निपाणीत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. ४५ अंशाला कापताना पट्टी सरकते आणि कोपरा मिटत नाही. रेघ नीट दिसावी म्हणून पात्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण तारेनं वर बांधलं आहे. चालेल का?

नाही चालणार. हे पत्र वाचून झाल्या झाल्या ती तार काढा. मशीनचं डोकं, म्हणजे मोटर आणि पात्याचा वरचा भाग, उचललं की ते झाकण आपोआप पात्यावर येतं, आणि बटण सोडल्यावर पातं फिरत राहतं त्या दोन-चार सेकंदांत तेच तुमचा हात वाचवतं. झाकणावर भुसा साचून धूसर झालं असेल तर बॅटरी काढून ओल्या फडक्यानं पुसा. थिनर लावू नका, प्लॅस्टिक तडकतं.

पट्टी सरकते कारण तिरक्या कापात पातं लाकडाला बाजूला ओढतं. ती ओढ बोटांच्या जोरावर थोपवता येत नाही. क्लॅम्प, म्हणजे लाकूड आवळून धरणारा शिकंजा, लावा, आणि मागच्या आडव्या भिंतीला, ज्याला आपण फेन्स म्हणतो, बारीक पॉलिश पेपर चिकटवा. पट्टीला बाक असेल तर फुगीर बाजू फेन्सला टेकवा, आणि कापाच्या रेघेवर पट्टी, फेन्स आणि टेबल यांत फट नको. उलटी धरली तर काप होता होता फट मिटते आणि पातं आवळलं जातं.

गोकाकच्या खेळण्यांसाठी तीन-चार सेंटिमीटरचे ठोकळे लागतात, शेकड्यानं. या मशीनवर ते कसे काढावेत? बोटं फार जवळ येतात.

काका, बोटं जवळ येतात असं तुम्हाला वाटलं, यातच अर्धं उत्तर आलं. पात्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा सेंटिमीटरपर्यंत हात न्यायचाच नाही. टेबलावर रंगानं दोन रेघा मारून घ्या, म्हणजे मनाशी वाद घालावा लागत नाही. डावा हात उजव्या बाजूला, असा कात्रीसारखा हात कधी टाकू नका.

ठोकळा ठोकळ्यातून कापायचा नाही, लांब दांड्यातून पाडायचा. दांडा क्लॅम्पनं आवळायचा आणि पडणारा तुकडा मोकळा ठेवायचा. आता फसगत कुठं होते ते सांगतो. सगळे तुकडे सारखे यावेत म्हणून आपण पलीकडे अडसर ठोकतो. तुटलेला तुकडा मग पातं आणि अडसर यांच्या मध्ये सापडतो, तिरका होतो आणि गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. डोळ्यावर चष्मा नसेल तर काय होईल ते लिहवत नाही. त्यासाठी अडसर मापापुरताच वापरा: दांडा त्याला टेकवा, क्लॅम्प आवळा, अडसर काढून घ्या, मग कापा. कापून झालं की डोकं खालीच धरून पातं पूर्ण थांबू द्या, मग उचला. फिरतं पातं वर घेतलं की बारीक तुकडे उडतात.

हे वेळखाऊ वाटेल. तरी तीन सेंटिमीटरच्या खालचे तुकडे मी स्वतः आजही बारीक दातांच्या हातकरवतीनंच काढतो.

सरकणाऱ्या मशीनमध्ये पातं आपल्याकडे ओढत कापायचं की पुढं ढकलत? — चिकोडी

ढकलत. बंद मशीनचं डोकं आपल्याकडे ओढून घ्या, चालू करा, पूर्ण वेग येऊ द्या, खाली दाबा आणि फेन्सकडे ढकला. ओढत कापलं तर पातं लाकडावर चढतं आणि सगळं डोकं अंगावर येतं.

आमचे हे वडगावातल्या घरी सोप्यातच मशीन चालवतात. खांद्यावर टॉवेल, हातात मोजे. धुळीनं मुलगा खोकतो. आणि उद्या काही झालंच, तर आम्ही घरच्यांनी काय करायचं?

ताई, टॉवेल आणि मोजे दोन्ही आजच बंद करा. मोज्याचा एक धागा दातात अडकला की अख्खा हात आत ओढला जातो. मनगटातला गंडा, कडं, अंगठी, सैल बाही यांनाही तेच लागू. त्यांना चष्मा, कानात बोळे आणि मास्क हवा.

धूळ साधी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. ती नाकावर आणि नाकामागच्या पोकळ्यांवर घाला घालते. मशीन परसात हलवा, मागं भुशाची पिशवी जोडा, आणि मुलाला तिकडं फिरकू देऊ नका. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, एफएफपी-२ किंवा एन-९५ मास्क आणा. बॅटरी भुशाच्या ढिगाशेजारी चार्ज करू नका, आणि गरम असताना तर नाहीच.

बोट तुटलंच तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. हळद, चुना, कॉफी पावडर काही लावू नका. १०८ ला फोन करा. तुटलेला तुकडा शोधा, पाण्यानं ओलं केलेल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकड्याला थेट बर्फ लागला तर तो जळतो आणि जोडता येत नाही. जखमी माणसाला चहा-पाणी देऊ नका, ऑपरेशन करावं लागू शकतं. पिशवीवर पेननं बोट तुटल्याची वेळ लिहा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.