काजवे पाहायला पहिल्यांदाच निघताय?

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ धरा, पण शनिवार-रविवार टाळा. तेव्हा भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते. त्यापेक्षा अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत एखाद्या घरी मुक्काम करा. पैसा गावातच राहतो आणि गरम भाकरी मिळते ती वेगळीच.

मोबाइलचा फ्लॅश, टॉर्च, गाडीचे दिवे झाडांवर अजिबात नकोत. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीचे एकमेकांना इशारे. आपला उजेड पडला की ते इशारे हरवतात, मीलन राहून जातं; मग पुढच्या वर्षी काजवे येणार कुठून? पायवाट सोडून गवतात शिरू नका, खाली माद्या असू शकतात. डासांसाठी स्प्रेऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं तरी द्या.