वडिलांच्या इलिओस्टोमीसाठी पिशव्या कोणत्या घ्याव्यात? सहा महिन्यांच्या एकदम घेतल्या तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झालेत, इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलंय आणि तिथून येणारा मळ पिशवीत जमा होतो, तर वन-पीस (चिकटणारी चकती आणि पिशवी एकत्र) घ्यावी की टू-पीस (दोन्ही वेगळ्या), कंपनी कोणती, आणि ऑनलाइन सवलत आहे म्हणून सहा महिन्यांचा साठा एकदम मागवावा का. शेवटचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. नका मागवू. सवलत कितीही असू दे, नका मागवू.

आमच्या घरी हेच झालं. सासूबाईंना गुदाशयाचा कॅन्सर होता. नागपूरला ऑपरेशन झालं, खालचा जोड भरून येईपर्यंत त्याला आराम मिळावा म्हणून लहान आतड्याचा लूप पोटावर काढून ठेवला. आम्ही अकोल्याला राहतो. माझे मोठे दीर पुण्याला, बिल्डिंग मटेरियलचा धंदा. आईचा खर्च मी करणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलेलं, आणि त्याबद्दल त्यांचे उपकार आहेतच. पण खर्च करणारा माणूसच खरेदीही करणार, असं त्यांनी त्यातच धरून टाकलं. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी त्यांनी पुण्याच्या एका डीलरशी बोलून वर्षभराचा माल घेतला, सिमेंटच्या गोण्या उचलाव्यात तसा. मी नवऱ्याला म्हटलं, आधी माप तरी घेऊ द्या. त्यांनी भावाला फोनवर सांगितलं. उत्तर आलं, ‘तिला म्हणावं, बाजारभाव मला कळतो.’

खोका आला. सगळ्या पिशव्या प्री-कट, म्हणजे मधलं भोक कंपनीतच गोल कापून आलेलं. कारण काय, तर आईला कात्रीने कापत बसायला नको. आता हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल की लूप इलिओस्टोमी गोल नसते, लांबट असते. गोल भोक तिच्यावर बसवलं की लांबीकडून घासतं आणि दोन्ही बाजूंना कातडी उघडी राहते. त्यात ऑपरेशननंतर स्टोमाला, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला, सूज असते. पहिले सहा ते आठ आठवडे तो आक्रसत जातो. आज बरोबर बसलेलं भोक महिन्याभरात मोठं होतं. आणि इलिओस्टोमीतून येतं ते पातळ असतं, त्यात पचनाचा रस असतो. आतड्याचं तोंड जे सहन करतं, ते पोटाची कातडी सहन करत नाही. ती भाजते. अक्षरशः भाजते, लाल होते, मग ओली होते. ओल्या कातडीला गोंद धरत नाही, पिशवी गळते आणि आणखी भाजते. सगळा खेळ या एका चक्राचा आहे. म्हणून मी म्हणते की तुम्ही पिशवी घेत नाही आहात, वडिलांची कातडी सांभाळायची सोय घेत आहात. कंपनीचं नाव त्यानंतर.

सासूबाई बोलल्या नाहीत. पोराने पैसे घातलेत, कसं सांगायचं. लुगड्याच्या आत जुन्या कापडाच्या घड्या ठेवायच्या, दुपारी सगळे झोपले की मोरीत जाऊन धुवायच्या. आणि जेवण कमी केलं. विचारलं की ‘मले भूक नाई.’ पिशवी भरूच नये म्हणून त्या उपाशी राहत होत्या, हे माझ्या लक्षात आलं ते त्यांनी पाणीसुद्धा टाळायला सुरुवात केली तेव्हा. इलिओस्टोमीत शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही बाहेर निघून जातं, अकोल्याचा एप्रिल, वर हे. दिरांचं निदान फोनवरून तयार होतं: ‘आई मनाला लावून घेते. सवय होईल.’ अहो, भाजलेल्या कातडीची सवय कशी होते?

मी त्यांना घेऊन नागपूरला परत गेले. तिथल्या स्टोमाच्या सिस्टरने पिशवी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, ‘ही निवडली कोणी?’ मग मापाचं कार्ड काढलं, लांबी वेगळी, रुंदी वेगळी मोजली. पिशवीच्या वेष्टनातल्या पारदर्शक प्लास्टिकवर स्टोमाचा आकार पेनाने उतरवला, त्यावरून बाकदार कात्रीने भोक कापून दाखवलं. स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं, बस. त्याहून मोठं नको आणि अगदी घट्टही नको. ते प्लास्टिक मी घरी आणलं, दर आठवड्याला स्टोमावर धरून पाहायचं, सैल वाटलं की नवीन काढायचं. ओल्या कातडीवर आधी स्टोमाची पावडर, जास्तीची झटकून टाकायची. पावडरचा थर राहिला तर त्यावरही काही चिकटत नाही. पेस्ट ही गोंद नाही, खाचाखोचा बुजवायला असते; बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं आणि ते भाजलेल्या जागी असं झोंबतं की माणूस पुन्हा हात लावू देत नाही. त्याऐवजी बॅरियर रिंग, म्हणजे चकतीखाली स्टोमाभोवती बसवायची मऊ कडी, घ्या, कणकेसारखी ताणून हवी तशी बसवता येते. स्वच्छ करायला साधं पाणी. डेटॉल नको, स्पिरिट नको, आणि शेजारच्या काकू सांगतील ते खोबरेल तेल तर मुळीच नको.

आता वन-पीस की टू-पीस. टू-पीसमध्ये चकती पोटावर तीन-चार दिवस राहते आणि वरची पिशवी बदलता येते, कातडी कमी वेळा सोलली जाते, म्हणून डॉक्टर बहुतेक तीच सुचवतात. पण पिशवी चकतीवर दाबून टक्क आवाज येईपर्यंत बसवावी लागते. सासूबाईंच्या बोटांत संधिवात, वर ताज्या टाक्यांच्या पोटावर दाबायची भीती. त्यांना ते जमेना. वन-पीस, खालून उघडणारी, भोक आपण कापायची, आणि तोंड चिमट्याऐवजी गुंडाळून बंद होणारं, ही त्यांनी स्वतः हातात घेऊन, चार वेळा उघडझाप करून निवडली. चिमटा त्यांना उघडायला कठीण जात होता आणि मोरीत पडायचा तो वेगळाच. तेव्हा वडिलांच्या बोटांत जोर किती, त्यांना जवळचं दिसतं का, पोट पुढे आलंय का, म्हणजे खाली पाहिल्यावर स्टोमा त्यांना दिसतो तरी का, हे पाहा. याचं उत्तर तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे.

सुरुवातीला पारदर्शक घ्या, आत काय चाललंय ते दिसतं. पुढे त्यांना बघायचं नसेल तर कातडीच्या रंगाची. कोळशाचा फिल्टर असलेली पिशवी वासाला बरी म्हणून विकतात, पण पातळ माल असला की फिल्टर ओला होऊन बंद पडतो, इलिओस्टोमीवाल्याने त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं माझं मत. कन्व्हेक्स, म्हणजे आतून फुगीर चकती, स्वतःच्या मनाने घेऊच नका. स्टोमा कातडीच्या पातळीला किंवा आत गेलेला असेल तर ती लागते, आणि ते सिस्टरने बघून ठरवायचं. टू-पीस घेतलीत तर चकती आणि पिशवी एकाच कंपनीची आणि एकाच मापाची घ्या. कुणाचं माप ४०, ५०, ६० असतं, कुणाचं ४४, ५७, ७० मिलिमीटर. ती एकमेकांवर बसत नाहीत, आणि मेडिकलवाला ‘सगळ्या सारख्याच असतात’ म्हणून देऊन मोकळा होतो.

कंपनी विचारलीत. कोलोप्लास्ट, होलिस्टर, कॉन्व्हाटेक, तिघांचा माल आपल्याकडे मिळतो, तिन्ही चांगल्या, कोणाच्या पोटाला कुठला गोंद मानवेल ते लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून फोन करून नमुने मागा. आमचे दीर ‘इंपोर्टेड आहे, इंपोर्टेड’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यांना एकदा ऐकवलं की कातडी वाचवणारा पहिला गोंद म्हणून १९५०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी जो वापरला, तो कराया डिंक, आणि तो आपल्याकडच्या कांडोळाच्या झाडाचा. डोंगरात पांढऱ्याफटक खोडाचं उभं असतं ते. त्यावर ते काही बोलले नाहीत. आणि आज वापरतो ती चिकटणारी पिशवी सुचली १९५४ मध्ये डेन्मार्कच्या एलिसे सोरेन्सन नावाच्या नर्सला. तिच्या बहिणीला, थोराला, स्टोमा झाला होता आणि गळेल या भीतीने ती घराबाहेर पडेना. बहिणीचा त्रास जवळून बघितला म्हणून सुचली. पुण्यातून फोनवर सुचली नसती.

सांगायचं राहिलं, नाडी. स्टोमाची जागा ऑपरेशनआधी रुग्णाला बसवून, उभं करून, वाकवून पेनाने खुणेने ठरवायची असते, म्हणजे परकराची किंवा पायजम्याची नाडी त्यावर येत नाही. घाईच्या ऑपरेशनात ते राहून जातं. सासूबाईंच्या निऱ्या नेमक्या चकतीच्या कडेवर येत होत्या आणि कडा सुटायची. आम्ही गाठ वर घेतली आणि अर्धी गळती थांबली, एक रुपया न घालता. वडील पायजमा घालत असतील तर आधी तेवढं बघा. आणि घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उकिडवं बसून पिशवी रिकामी करणं त्यांना जमणार नाही. एक वेगळा मग ठेवा, उभ्याने किंवा स्टुलावर बसून त्यात रिकामी करायची, मग ओतायची. एक तृतीयांश भरली की रिकामी. पूर्ण भरेपर्यंत थांबलं की वजनानेच चकती सुटते. बदलायची सकाळी, चहाच्याही आधी, तेव्हा स्टोमा शांत असतो.

त्या खोक्यातला बहुतेक माल तसाच माळ्यावर राहिला. डीलरने परत घेतला नाही, गोंदाची तारीख उलटून गेली. सासूबाईंचं आतडं पुढे परत आत बसवलं, त्या ठणठणीत आहेत. दीर मात्र अजून चार लोकांत म्हणतात की सूनबाईंच्या हट्टापायी माझे पैसे बुडाले. एका लग्नात हे सासूबाईंच्या समोरच झालं. त्या म्हणाल्या, ‘पैसे तो देते त त्याच्याच पोटाले लाव म्हना.’ मला त्या दिवशी जेवण फार गोड लागलं. तुमच्याकडे पैसे कोण देतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हीच देत असाल तर तेवढं एक लक्षात असू द्या की खोका कितीला पडला यापेक्षा तो ज्याच्या पोटावर चिकटणार त्याला विचारलं का, हे घरात जास्त दिवस आठवणीत राहतं.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. तुमच्या वडिलांचा स्टोमा लूप नसून एंड, म्हणजे आतड्याचं एकच टोक बाहेर काढलेला, असेल, गोल आणि नीट वर आलेला असेल, तर माझं अर्धं सांगणं लागू होणार नाही. कायमचा असेल तर दोनेक महिन्यांनी माप ठरलं की खोक्याने घेणं खरंच स्वस्त पडतं; दिरांचा हिशोब चुकला नव्हता, वेळ चुकली होती. पुसताना किंचित रक्त येतं, घाबरू नका. पण स्टोमा काळसर पडला, किंवा बाहेर येणं थांबून पोट दुखतंय, उलट्या होतायत, किंवा दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं, तर इथे प्रश्न विचारत बसू नका, दवाखाना गाठा. जवळपास स्टोमाची सिस्टर नसेल तर मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, आणि ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाही मुंबईतच आहे.

ऑनलाइनचं म्हणाल तर एक खोकं मागवा, तारीख बघून, आणि भोक आपण कापायचं आहे ना ते दोनदा वाचून. घरात आलं की गार, अंधाऱ्या कपाटात; फ्रिजमध्ये नाही, आणि गाडीत तर अजिबात नाही, गोंद वितळतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पार्सल दिवसभर टेम्पोत फिरतं, त्यामुळे उन्हाळ्यात मी दुकानातूनच आणायचे, चार पैसे जास्त देऊन.