डिग्री अर्धवट राहिली, तरी टीव्हीवर शोधपत्रकार होता येतं का?

तुमचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलंय आणि आता शोधपत्रकारितेचा नाद सोडावा का असं तुम्ही विचारताय. प्रश्न वाचल्यावर मला लगेच नायजेरियाची शोधपत्रकार किकी मोर्दी आठवली.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. विद्यापीठात एक लेक्चरर मागे लागला, ही बधली नाही म्हणून त्याने रिझल्ट अडवला आणि शेवटी तिला शिक्षणच सोडावं लागलं. मग लागोसमध्ये खास बायकांसाठी असलेल्या एका रेडिओ स्टेशनवर काम केलं, माइकसमोर बोलता बोलता लोकांकडून गोष्टी काढून घ्यायला शिकली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये बीबीसीच्या 'आफ्रिका आय' या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात तिची 'सेक्स फॉर ग्रेड्स' ही डॉक्युमेंटरी आली, लागोस आणि घाना विद्यापीठांतल्या लैंगिक छळावरची. तेव्हा ती २८ वर्षांची होती.

मी ती यूट्यूबवर एका रात्रीत दोनदा बघितली. आधी त्यांनी कितीतरी मुलींच्या जबान्या गोळा केल्या आणि मगच छुपे कॅमेरे देऊन रिपोर्टर मुलींना विद्यार्थिनी म्हणून आत पाठवलं. त्यातली एक रिपोर्टर आपण १७ वर्षांची आहोत, ॲडमिशन हवंय असं सांगून लागोसच्या एका लेक्चररकडे जाते, तो चर्चमध्ये पास्टरही असतो. आधी तिच्या दिसण्याबद्दल बोलतो, मग तिला सोबत प्रार्थना करायला लावतो, आणि शेवटच्या भेटीत केबिनचं दार लॉक करून लाइट बंद करतो. तिथे मला बघवेना, कारण माझ्या एमएच्या वेळी आम्ही मैत्रिणी एका सरांकडे सही घ्यायला कधीच एकटं जायचो नाही, एक जण आत आणि दुसरी दाराबाहेर चप्पल न काढता उभी. आम्ही कुठेच बोललो नाही, ते मला अजून सलतं.

डॉक्युमेंटरी आली आणि दोनच दिवसांत नायजेरियाच्या सिनेटमध्ये विद्यापीठातल्या लैंगिक छळाविरुद्धचं बिल परत मांडलं गेलं, जुलै २०२० मध्ये सिनेटने ते पासही केलं. तो लेक्चरर आधी सस्पेंड झाला, २०२१ मध्ये त्याची नोकरी गेली. डॉक्युमेंटरीला इंटरनॅशनल एमी या टीव्ही पुरस्कारासाठी नॉमिनेशन मिळालं ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही, त्याच टीममधल्या एका रिपोर्टरने नंतर जाहीर तक्रार केली की मेहनत तिचीही होती पण श्रेय मिळालं नाही. खरं-खोटं मी ठरवणार नाही, पण टीव्हीचं काम एकटीचं नसतं, चेहरा एकाच माणसाचा दिसतो आणि कॅमेरा लपवून आत जाणारीचं नाव कुणाला माहीत नसतं.

तर डिग्रीचं मनाला लावून घेऊ नका. गावातल्या कम्युनिटी रेडिओत किंवा लोकल केबल चॅनेलवर मिळेल ते काम घ्या, आणि कुणी तुम्हाला काही सांगितलं तर तारीख, वेळ, जागा त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.