वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चचे फोटो: भिंती काळ्या आणि आकाश पांढरंफट्ट का येतं?

दुपारी जाऊ नका. सकाळी ऊन तिरपं असेपर्यंतच फोटो काढा आणि एक्स्पोजर (कॅमेरा किती प्रकाश घेतो ते) आकाशावर धरा, म्हणजे तुमची ही अडचण बरीचशी सुटेल. इथल्या कित्येक चर्चचं छपरच गेलंय, त्यामुळे एकाच चौकटीत उघडं आकाश आणि सावलीतला दगड येतो आणि कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळता येत नाही. जळालेलं, म्हणजे पार पांढरं झालेलं आकाश परत मिळत नाही, पण रॉ फाइलमधली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोतली) सावली नंतर उजळता येते. मोबाइल असेल तर स्क्रीनवर आकाशाला बोट लावून ब्राइटनेस थोडा खाली ओढा. तिरप्या उन्हाचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: कमानीवरची झिजलेली नक्षी आणि जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवरची पोर्तुगीज अक्षरं तेव्हाच उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात ती सपाट होतात. त्या शिळांवर पाय किंवा बॅग ठेवू नका, अक्षरं आधीच पुसट झालीत. मात्र हे हातात धरलेल्या कॅमेऱ्यापुरतंच. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. ट्रायपॉड, ड्रोन किंवा व्यावसायिक शूट असेल तर आधी परवानगी घ्या.