वाचक विचारतात: कॅटॅलिटिक स्टोव्ह घ्यावा की साधा?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत व्हरमाँटमध्ये राहतो, घर जुनं, साधारण १५०० स्क्वेअर फुटांचं. प्रोपेनचा बॉयलर आहे पण बिल फार येतं आणि वादळात लाइट गेली की तोही बंद, म्हणून हॉलमध्ये वुड स्टोव्ह बसवायचाय. दुकानात दोन बघितले. एक कॅटॅलिटिक, ३ क्युबिक फुटांचा, एकदा भरला की रात्रभर बघायला नको म्हणतात. दुसरा साधा, २ क्युबिक फुटांचा, बराच स्वस्त. नवरा पहिल्यावरच अडून बसलाय. आम्ही दोघं दिवसभर कामावर, घरी सासूबाई असतात, म्हणजे स्टोव्ह त्याच बघणार. कुठला घेऊ?

उत्तर: ताई, तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. दिवसभर स्टोव्हपाशी कोण असणार, हे बघून ठरवा.

कॅटॅलिटिकमध्ये धूर एका जाळीदार सिरॅमिकच्या किंवा धातूच्या ठोकळ्यातून जातो, त्यावर प्लॅटिनम-पॅलेडियमचा लेप असतो, त्यामुळे साधारण ५०० डिग्री फॅरेनहाइटलाच धूर पेट घेतो, एरवी त्याला याच्या दुप्पट तापमान लागतं. म्हणूनच तो मंद आचेवर तासन्‌तास चालतो, नवऱ्याचं म्हणणं खोटं नाही. पण पेटवताना बायपास (धूर ठोकळ्यातून न नेता सरळ चिमणीत सोडणारी झडप) उघडा ठेवायचा, तापमानाचा काटा ठरलेल्या खुणेवर आला की बंद करायचा, आणि दार उघडण्याआधी परत आठवणीने उघडायचा, नाहीतर धूर सगळा घरात. ज्या बाईने आयुष्यभर चुलीत मनाला येईल तेव्हा लाकूड सारलंय तिला हे रोज सांभाळायला लावणं मला बरोबर वाटत नाही. शिवाय तो ठोकळा काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि रंग दिलेलं लाकूड किंवा रंगीत कागद जाळला तर लवकरच निकामी होतो.

साध्यामध्ये वरच्या नळ्यांमधून गरम हवा येते आणि धूर तिथेच जळतो. त्याला जाळ मोठा लागतो, हवा फार कमी केली की धूर न जळता चिमणीत क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखा थर, होऊन बसतो आणि चिमणीला आग लागते ती त्यानेच. पण दार उघडलं, ओंडका घातला, दार लावलं, हवा हळूहळू कमी केली, झालं.

दुकानातल्या बीटीयूच्या (उष्णतेचं माप) आकड्यांवर जाऊ नका. लाकूड तेवढंच असेल तर दोन्हींची ऊब जवळजवळ सारखी, कॅटॅलिटिक ती लांबवत देतो आणि साधा पटापट, एवढंच. धुराचं म्हणाल तर २०२० पासून ईपीएची (अमेरिकेची पर्यावरण संस्था) मर्यादा ताशी २ ग्रॅम आहे (फोडलेल्या सरपणावर टेस्ट केली असेल तर २.५), नवीन स्टोव्ह दोन्ही त्यात बसणारेच. आणि अशा स्टोव्हवरची सरकारची ३० टक्क्यांची टॅक्स क्रेडिट २०२५ संपताना बंद झाली, ती धरून हिशोब करू नका.

मी तुमच्या जागी असेन तर साधा घेईन. बॉयलर आहेच, पहाटे निखारे उरले नाहीत तरी कुणी गारठणार नाही, आणि लाइट गेली, बॉयलर बंद पडला, तरी स्टोव्ह पंख्याशिवाय चालतो. सासूबाई घरी नसत्या आणि घर सकाळी ७ ते संध्याकाळी ७ रिकामं असतं तर मात्र मी नवऱ्याच्या बाजूने बोलले असते. वाचलेल्या पैशात चिमणीला आतून स्टीलचा लायनर (धूर नेणारी नळी) घाला, दरवर्षी साफ करून घ्या, आणि झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

आता सरपण, कारण यावर दोन्ही स्टोव्ह सारखेच अडतात. ओलं लाकूड असेल तर कितीही महागाचा आणा, काच काळी, खोली थंड. सीझन्ड, म्हणजे वाळवलेलं, म्हणून विकलेलं बरंचसं वाळलेलं नसतंच हो! ओलावा मोजायचा मॉइश्चर मीटर घ्या, ओंडका नव्याने फोडा आणि आतल्या बाजूला सुया टोचून बघा, २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. ॲश झाडाचं लाकूड वर्षभरात वाळतं, ओकला फोडून रचल्यावर दोन उन्हाळे लागतात. सरपण कॉर्डच्या मापाने विकतात, एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट, रचून मोजून घ्या. पहिल्या हिवाळ्यापुरत्या भुशाच्या दाबलेल्या विटा आणा, कोरड्या असतात म्हणून एकदम भरू नका, थोड्या थोड्या घाला, आणि ओक आत्ताच मागवून वरून झाकून बाजूंनी मोकळा रचून ठेवा, तो पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्याला.